ढोलीतलं पिल्लू आणि पोषण वसुली खातं

एका जंगलात एक बेहड्याचं झाड होतं. कुठलं जंगल ते विचारू नका. विचारलंत तर मी नाव सांगेन, मग तिथला कोणी अधिकारी मला नोटीस पाठवेल आणि गोष्ट राहील बाजूला. तेव्हा मांडी घालून बसा आणि ऐका.

त्या बेहड्याच्या उंच ढोलीत धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत होतं. नवऱ्याचं नाव रायाजी, बायकोचं नाव सगुणा. धनेश म्हणजे तो मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. आधी त्याची चोच येते, मग जरा वेळाने मागून तो येतो.

धनेशांची एक रीत आहे. अंडं घालायची वेळ आली की आई ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. बाप बाहेरून चिखल आणून देतो. शेवटी एक फट तेवढी उरते, चोच बाहेर काढता येईल एवढी. आत गेल्यावर आईची उडायची पिसं गळून पडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर बापाने घशात उंबरं भरून आणायची आणि त्या फटीतून आईला आणि पिल्लाला भरवायची.

तुम्ही म्हणाल, केवढा हा विश्वास. मीही तेच म्हणतो. मी स्वतः कुणावर इतका विश्वास टाकलेला नाही आणि या वयात टाकणारही नाही.

तर पिल्लू झालं. रायाजीने काही दिवस उंबरं आणली. मग एका सकाळी तो म्हणाला, "सगुणे, जरा टेकडीपलीकडे जाऊन येतो." गेला, तो परत आलाच नाही.

टेकडीपलीकडे एक मोठं उंबराचं झाड होतं. तिथे बिनलग्नाचे धनेश दिवसभर बसून राजकारणावर बोलत. रायाजी त्यांच्यात रमला. कोणी विचारलं तर सांगायचा, "मी सध्या स्वतःचा शोध घेतोय." एवढ्या मोठ्या चोचीच्या प्राण्याला स्वतःला शोधायला इतका वेळ का लागावा, हे मला अजून कळलेलं नाही.

इकडे ढोलीच्या फटीतून सगुणेची चोच बाहेर यायची आणि तिच्याखालून पिल्लाची छोटी चोच. दोन्ही उघड्या असायच्या आणि दोन्ही रिकाम्या.

शेजारच्या फांदीवर शेकरूमावशी राहायची. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी तांबूस खार. तिने हे सगळं पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं.

"सगुणे, रडू नको," ती म्हणाली. "असल्या बापांसाठीच राजाने खातं काढलंय. मी जाऊन येते."

खात्याचं नाव होतं पिल्लू पोषण वसुली खातं. सिंहमहाराजांनी ते आपल्या वाढदिवशी काढलं होतं. जो बाप पिल्लाला वाऱ्यावर सोडेल त्याच्याकडून पिल्लाचं अन्न वसूल करायचं, असा हेतू होता. हेतू चांगलाच होता. खातं काढायच्या दिवशी हेतू चांगलाच असतो, पुढे त्याची बदली होते.

खात्याचे प्रमुख म्हणून कोकिळाची नेमणूक झाली होती. कोकिळाची पिल्लं कावळ्याच्या घरट्यात वाढतात, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. निवड समितीने नेमकं तेच पाहिलं. कोकिळाच्या एकाही पिल्लाने त्याच्याविरुद्ध कधी तक्रार केली नव्हती. इतकी स्वच्छ कारकीर्द अख्ख्या जंगलात दुसऱ्या कुणाची नव्हती. शिवाय आवाज गोड होता.

शेकरूमावशी खात्यात गेली.

"अर्जदार कुठे आहे?" कोकीळसाहेबांनी विचारलं.

"ढोलीत आहे, साहेब. तिला बाहेर येता येत नाही."

"का बरं?"

"ढोलीचं तोंड लिंपलंय."

"कोणी लिंपलं?"

"तिनेच."

"म्हणजे स्वतःच्या मर्जीने कोंडून घेतलंय. मग तक्रार कशाची?"

मावशीने धनेशांची सगळी रीत समजावून सांगितली. साहेब डोळे मिटून ऐकत होते. घरटं, पिल्लू, भरवणं, त्यांना सगळंच नवीन होतं.

"फार हृद्य आहे," ते म्हणाले. "पण अर्जदाराने समक्ष हजर राहायचं, असा नियम आहे."

"ती बाहेर आली तर पिल्लाला घार उचलून नेईल."

"तो घारीचा विषय झाला. त्याला वेगळं खातं आहे."

मावशी साहेबांच्या फांदीवरच बसली आणि आपली शेपूट तिने साहेबांच्या तोंडासमोर सोडली. साहेबांना समोरचं काही दिसेना आणि शिंका येऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत साहेबांनी स्वतः ढोलीला भेट द्यायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा दौरा निघाला. पुढे वाहवा करायला दोन बुलबुल, मध्ये गळ्यात झेंडूची माळ घातलेले साहेब, आणि मागून खात्याची बेलीफ घोरपड. कोर्टाचा हुकूम जो दारावर नेऊन लावतो तो बेलीफ. घोरपडीला ही नोकरी मुलाखतीशिवाय मिळाली होती, कारण ती एकदा चिकटली की सुटत नाही.

साहेब फटीसमोर बसले.

"ताई, आपण आईच आहात हे कशावरून?" त्यांनी विचारलं. "मला तर फक्त चोच दिसतेय."

"बाकीची आत आहे, साहेब," सगुणा म्हणाली.

"आणि पिल्लू रायाजीचंच?"

पिल्लाने आवाज ऐकून चोच बाहेर काढली. त्याला वाटलं, जेवण आलं. त्याने साहेबांच्या गळ्यातली माळ ओढली आणि झेंडूसकट दोराही गिळला.

साहेब झटकन मागे सरकले. "चोच बापाची आहे," ते म्हणाले. "भूकही खरी आहे. दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या."

तिथेच हुकूम झाला. रायाजीने रोज सकाळ-संध्याकाळ पिल्लासाठी घसाभर उंबरं द्यावीत. मात्र थेट द्यायची नाहीत, खात्यात जमा करायची. खातं ती तपासेल आणि मग पिल्लाकडे पोचवेल. बुलबुलांनी वाहवा केली. सगुणेने मनापासून आभार मानले. "उद्यापासून जेवण येणार हं," ती पिल्लाला म्हणाली. पिल्लू त्या दिवशी लवकर झोपलं, म्हणजे उद्या लवकर येईल.

हुकूम घेऊन घोरपड टेकडीपलीकडे गेली. ती उंबरावर चढली, तर रायाजी वरच्या फांदीवर गेला. ती वर पोचली, तर तो शेजारच्या झाडावर गेला. ती उतरली, शेजारच्या झाडावर चढली, तर तो परत उंबरावर. दिवसभर असं चाललं. बिनलग्नाच्या धनेशांना तेवढीच करमणूक झाली.

"साहेब, तो सापडतो, पण थांबत नाही," घोरपडीने परत येऊन सांगितलं.

"मग नियमाप्रमाणे त्याच्या शेवटच्या राहत्या जागेवर नोटीस चिकटवा."

रायाजीची शेवटची राहती जागा म्हणजे ढोली. घोरपडीने एक भलंमोठं पळसाचं पान आणलं, त्यावर हुकूम खरडला आणि डिंक लावून ते बरोब्बर फटीवर चिकटवलं. ढोलीत अंधार झाला. सगुणेने आतून चोच मारून पानाला भोक पाडलं.

"बाई, सरकारी नोटीस फाडू नका," घोरपड म्हणाली.

"पिल्लाला श्वास घेता येत नव्हता."

"माझं काम चिकटवायचं आहे. श्वासाचं मला कुणी काही सांगितलेलं नाही."

नोटीस लागूनही उंबरं आली नाहीत. मग साहेबांनी हातातलं सगळ्यात कडक हत्यार काढलं. त्यांनी रायाजीचा उडण्याचा परवाना रद्द केला. जो बाप पोसत नाही त्याला उडायचाही अधिकार नाही, असं ते बुलबुलांसमोर म्हणाले आणि ते वाक्य सगळ्या जंगलात गाजलं.

टेकडीपलीकडे रायाजीने ते ऐकलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"मी आज निघणारच होतो," तो मित्रांना म्हणाला. "पण आता कसा जाऊ? कायदा मोडण्यातला मी नाही."

मित्रांनी या अन्यायाचा निषेध केला आणि त्याला पिकलेलं उंबर दिलं.

ढोलीत आता पिल्लाने ओरडणंही कमी केलं होतं. शेकरूमावशी आपल्या पोरांच्या घासातला घास काढून आणायची, एखादं उंबर, कधी आंबाड्याचा गर. खारीच्या गालात मावून मावून किती मावणार. पण तेवढ्यावर पिल्लू तगलं. ही बातमी बुलबुलांनी खात्यात पोचवली.

"पिल्लू जगतंय," साहेब मावशीला बोलावून म्हणाले. "याचा अर्थ त्याची गरज भागते आहे. मग प्रकरण बंद करायला हवं."

"म्हणजे मी भरवायचं थांबवू?"

"छे, आम्ही असं कसं म्हणू? आम्ही फक्त फाइल बंद करू."

त्या दिवसापासून मावशी बुलबुलांची पाठ वळल्यावर भरवू लागली. उपाशी पिल्लाला घास द्यायचा तर चोरून द्यायचा, अशी वेळ आली होती. मला हे सांगतानाही संताप येतो. पण तुम्ही लहान आहात, म्हणून मी शिव्या देत नाही.

आता रायाजीकडे वळू. रायाजी दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो आळशी होता आणि सुखाला सोकावलेला होता, एवढंच. पण धनेशाच्या बापाचा घसा मोठा विचित्र असतो. सकाळ झाली की तो आपोआप उंबरं गोळा करू लागतो, आणि ती उंबरं पोटात जात नाहीत, घशाशीच थांबतात, कारण ती दुसऱ्याची असतात. रायाजीने पाणी पिऊन पाहिलं, मान वर करून पाहिली, मित्रांनी पाठीवर पंख थोपटले. उंबरं खाली उतरेनात. शेवटी एका सकाळी तो उठला आणि घसाभर उंबरं घेऊन घराकडे निघाला.

उडायचा परवाना नव्हता. म्हणून चालत.

धनेश चालतो तो उड्या मारत, आणि एवढ्या जड चोचीमुळे दर उडीला नाकावर पडतो. असा पडत, उठत, घसा गच्च भरलेला, बोलायचीही सोय नाही, असा रायाजी टेकडी चढला आणि उतरला. वाटेत सशांनी त्याला खुळा म्हटलं. रानडुकरांनी वाट दिली. बेहड्याखाली पोचला तेव्हा त्याचे पाय सोलवटले होते.

सगुणेने फटीतून खाली पाहिलं.

"उंबरं आणलीत?" तिने विचारलं.

रायाजीने मान हलवली. मग चोचीतली दोन उंबरं बाजूला ठेवून म्हणाला, "वर येता येत नाही. परवाना नाही."

"अहो, पिल्लू उपाशी आहे आणि तुम्ही मला परवाना काय सांगताय?"

ती ओरडली नाही, साधं बोलली. रायाजीला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. त्याने पंख पसरले, एका झेपेत फटीपाशी पोचला आणि पहिलं उंबर पिल्लाच्या चोचीत ठेवलं. पिल्लाने डोळे मिटले.

तेवढ्यात घोरपडीने रायाजीचा पाय धरला. ती नोटिशीचं पान सुकलं का ते पाहायला आली होती.

"विनापरवाना उड्डाण," ती म्हणाली. "आणि थेट पिल्लाच्या तोंडात? मग खात्याने काय करायचं?"

तिने रायाजीच्या घशातली सगळी उंबरं जप्त केली. पिल्लाच्या चोचीतलं उंबरही पुरावा म्हणून काढून घेतलं. पिल्लू तसंच आ वासून राहिलं.

उंबरं तपासणीसाठी साहेबांकडे गेली. कोकिळाला उंबरं फार आवडतात, हे शाळेत शिकवत नाहीत. साहेबांनी एक खाऊन तपासलं, ते बरं निघालं. मग दुसरं तपासलं. संध्याकाळपर्यंत तपासणी पूर्ण झाली आणि उंबरं उरली नाहीत.

रायाजीला बांबूच्या पिंजऱ्यात टाकलं. सिंहमहाराजांना आपल्या तुरुंगाचा फार अभिमान होता. कैद्याची आबाळ होऊ नये, त्याला सकाळ-संध्याकाळ घसाभर उंबरं मिळावीत, असा त्यांचा हुकूम होता. ती मात्र वेळेवर यायची.

"साहेब, पिल्लाला जेवढी द्यायची ठरली तेवढीच उंबरं त्याच्या बापाला मिळतायत," मावशी खात्यात जाऊन म्हणाली. "तीच पिल्लाला द्या की."

"बाई, कैद्याच्या तोंडचा घास काढायचा?" साहेब कळवळून म्हणाले. "इतके निर्दय आम्ही नाही."

पण वसुली तर बाकीच होती. बाप तुरुंगात, म्हणजे त्याची कमाई बंद. कमाई बंद, म्हणून त्याची मालमत्ता जप्त करायची, असं ठरलं. रायाजीची मालमत्ता शोधली. एकच निघाली, ती म्हणजे ढोली.

घोरपड लाखेचा गोळा घेऊन बेहड्यावर चढली.

"आम्ही आत आहोत," सगुणा म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून साहेबांनी हळू सील करायला सांगितलंय."

तिने हळू सील केलं. फट पूर्ण बुजली. सिंहाच्या पंजाचा शिक्का बसला. घोरपड खाली उतरली, आणि पिल्लाच्या पोषणासाठी केलेली कारवाई यशस्वी झाल्याचं बुलबुलांनी जंगलभर सांगितलं.

शेकरूमावशी ढोलीला कान लावून बसली. आधी आतून काहीच आवाज आला नाही. मग चोचीचा ठोका ऐकू आला. मग दुसरा. सगुणेच्या अंगावर नवी पिसं अर्धीमुर्धीच आली होती. तिने स्वतः लिंपलेली भिंत फोडली, लाख फोडली, सिंहाच्या पंजाचा शिक्का फोडला, आणि पिल्लाला छातीशी धरून बाहेर कोसळली. दोघं खालच्या फांदीवर अडकली म्हणून वाचली. मावशीने पिल्लाला पाठीवर घेतलं आणि सगुणेने कितीतरी वेळ नुसता श्वास घेतला.

शिक्का फोडणं हा मोठा गुन्हा होता. सगुणेला त्याच दिवशी रायाजीच्या पिंजऱ्यात नेलं. संध्याकाळी तिच्यापुढेही घसाभर उंबरं आली.

मावशीच्या पाठीवरून आलेलं पिल्लू पिंजऱ्याबाहेर बसलं होतं. सगुणेने एक उंबर उचलून बांबूंमधून त्याच्याकडे केलं. पहाऱ्यावरच्या घोरपडीने ते मधेच अडवलं.

"कैद्याचं अन्न बाहेर द्यायचं नाही."

"मग पिल्लाला आत घ्या," सगुणा म्हणाली.

साहेबांना बोलावलं. साहेबांनी पिल्लाकडे नीट पाहिलं.

"याने काय गुन्हा केलाय?"

"काहीच नाही."

"मग आत कसं घेणार?" साहेब म्हणाले. "निरपराध पिल्लाला तुरुंगात टाकायला आम्ही काय राक्षस आहोत?"

आता बघा, मुलांनो. पळून गेलेला बाप जेवत होता. शिक्का फोडणारी आई जेवत होती. साहेब तर तपासणी करता करता गुबगुबीत झाले होते. सगळ्या प्रकरणात उपाशी एकच जण होता, ज्याच्यासाठी हे खातं काढलं होतं. कारण त्याने काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यासमोर समारंभ होता. आईबाप एकत्र आणल्याबद्दल सिंहमहाराज खात्याचं कौतुक करायला आले होते. साहेब पिंजऱ्याच्या आडव्या बांबूवर बसून गोड आवाजात भाषण करत होते. त्यांची लांब शेपूट खाली लोंबत होती, पिल्लाच्या डोक्याच्या जरा वर.

सगुणेने बांबूतून चोच बाहेर काढली.

"बाळा," ती हळूच म्हणाली, "साहेबांच्या शेपटीला चाव."

पिल्लाने आईकडे पाहिलं. "कुणाला चावायचं नाही, असं तूच सांगितलंयस."

"सांगितलंय."

"मग आता चावणं चांगलं झालं का?"

"नाही, बाळा. वाईटच आहे. वाईट आहे म्हणून चाव."

पिल्लाला ते नीट कळलं नाही. पण आईचा आवाज कापत होता, म्हणून त्याने मान उंचावली आणि जोरात चावलं. साहेबांचा सूर चुकला. त्यांच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की समारंभाला आलेल्या निवड समितीने एकमेकांकडे पाहिलं. पिल्लाच्या चोचीत शेपटीची दोन पिसं राहिली होती. गुन्हा महाराजांच्या समक्ष घडला होता, साक्षीदार शोधायची गरज नव्हती. पिल्लाला तिथल्या तिथे शिक्षा झाली आणि घोरपडीने पिंजऱ्याचं दार उघडून त्याला आत ढकललं.

संध्याकाळी घसाभर उंबरं आली. पिल्लू खाऊ लागलं. रायाजीने आपल्या वाटणीची उंबरं चोचीने त्याच्यापुढे सारली. पिंजऱ्याच्या आत देण्याघेण्याला बंदी नव्हती. पिल्लू बराच वेळ खात राहिलं. त्याचं पोट जन्मात पहिल्यांदा गच्च भरलं आणि डोळे जड झाले. झोपता झोपता त्याने विचारलं, "आई, उद्या कुणाला चावू?"

सगुणेने तोंड फिरवलं. रायाजीने मान खाली घातली. दोघांनाही रडू आलं, आणि पिल्लू उत्तराची वाट पाहत आईच्या पंखाखाली झोपून गेलं.

तात्पर्य: मुलांनो, शहाण्यासारखं वागा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. तुमची पोटं भरलेली आहेत, तुम्हाला ते जमेल. ज्याचं पोट भरलेलं नसेल त्याने मात्र एखादा छोटासा, सगळ्यांना दिसेल असा गुन्हा लवकरात लवकर करून घ्यावा. सरकार गुन्हेगाराला उपाशी ठेवत नाही. निरपराध पिल्लांच्या अर्जांवर विचार चालू आहे.